सशावर शिकवतात ती वजन कमी करायची सर्जरी, कोर्स करावा का?

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. लॅपरोस्कोपिक बॅरिॲट्रिक सर्जरीचा, म्हणजे दुर्बिणीतून वजन कमी करायच्या ऑपरेशनचा वीकेंड ट्रेनिंग कोर्स केला, आणि त्यात जिवंत प्राण्यावर हात बसवायला डुक्कर नाही, ससे होते. सेंटरचं नाव लिहीत नाही कारण फॅकल्टीतले निम्मे लोक ओळखीचे आहेत आणि खाली थोडी टीकाही आहे. मी जिल्ह्याच्या गावी जनरल सर्जन, लॅप कोली (दुर्बिणीतून पित्ताशय काढणं), अपेंडिक्स, हर्निया हे रोजचं काम, स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून त्याची नळी करणं) आणि बायपास (जठराचा छोटा पाउच करून त्याला आतडं जोडणं) मात्र दुसऱ्यांच्या टेबलवर कॅमेरा धरून पाहिलेले. वाचताना हे लक्षात ठेवा, कारण तुम्ही आधीच शंभर स्लीव्ह केलेले असाल तर हा रिव्ह्यू तुमच्या कामाचा नाही.

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगतो. हात हलका करायला आणि आतल्या आत टाके घालायला शिकायचं असेल तर कोर्स एक नंबर, लठ्ठ पेशंटची सर्जरी शिकायची असेल तर नाही. हे दोन वेगळे विषय आहेत आणि ब्रोशरमध्ये ते एकच असल्यासारखे विकलेत, माझी मुख्य तक्रार तीच.

आता गर्दी का वाढलीय ते बघा. १९९१ पासून जगभर साधारण एकच नियम आधाराला धरला जात होता, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत डायबेटीस वगैरे असेल तर ऑपरेशन. २०२२ मध्ये दोन मोठ्या संघटनांनी तो बदलला, ३५ च्या वर कुणालाही सुचवा आणि आशियाई लोकांमध्ये २७.५ पासूनच विचार करा म्हणाले. आपल्याकडे पोट सुटलेले, शुगर वाढलेले आणि बीएमआय तिशीच्या आसपास असलेले किती पेशंट ओपीडीत बसलेले असतात हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे तालुक्याच्या हॉस्पिटलांनाही आता बॅरिॲट्रिकचा बोर्ड लावायचाय आणि तो बोर्ड लावायच्या आधी कुठूनतरी सर्टिफिकेट आणायचंय. आमच्या बॅचमध्ये असे बरेच होते, एकाने तर ओटीचं रिनोव्हेशन आधीच सुरू केलं होतं, शिकणं नंतर.

पहिल्या लेक्चरला मात्र फॅकल्टीने सगळ्यांचं विमान खाली आणलं. २०१३ चा मिशिगनचा अभ्यास दाखवला, त्यात २० बॅरिॲट्रिक सर्जनांनी आपापल्या लॅप गॅस्ट्रिक बायपासचा एकेक व्हिडिओ दिला, नावं झाकून दुसऱ्या सर्जनांनी हाताच्या सफाईला मार्क दिले, आणि मग त्या सर्जनांच्या पेशंटांचे रिझल्ट शेजारी ठेवले. तळातल्या गटाच्या पेशंटांमध्ये कॉम्प्लिकेशन १४.५ टक्के, वरच्या गटाच्या ५.२ टक्के. हे सगळे रोज हेच ऑपरेशन करणारे लोक होते बरं का, नवशिके नव्हेत. दुसरा आकडा २००३ चा, लॅप बायपास खऱ्या अर्थाने जमायला एका सर्जनला साधारण १०० केसेस लागतात असं त्या पेपरात निघालं होतं. म्हणजे पहिल्या शंभर पेशंटांनी काय करायचं हा प्रश्न उरतोच, आणि तिथेच सरावाचा बॉक्स, प्राणी, सिम्युलेटर ही सगळी मंडळी येतात.

मग ससाच का? कारणं तीन, आणि ती आम्हाला न लपवता सांगितली याबद्दल मार्क देतो. एक म्हणजे पैसा. तीस-पस्तीस किलोच्या डुकराला माणसासारखंच टेबल, ॲनेस्थेशिया मशीन, ठेवायला मोठी जागा, उचलायला दोन माणसं लागतात. तीन किलोचा न्यूझीलंड व्हाइट ससा छोट्या टेबलवर मावतो आणि एका हॉलमध्ये चार-पाच टेबलं लागतात. दुसरं म्हणजे कायदा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यावर बंदी घालणारा आपला १९६० चा कायदा, त्याच्या कलम १७ मध्ये म्हटलंय की छोट्या प्राण्यांवर भागत असेल तर मोठा प्राणी शक्यतो टाळा. पण त्याच कलमात पुढे हेही आहे की निव्वळ हाताचं कसब कमवायला प्राण्यांवर प्रयोग शक्यतो करू नका, आणि पुस्तकं, मॉडेल, फिल्म यांनी काम होत असेल तर प्राणी नकोच. ही वाक्यं स्लाइडवर नव्हती, मी चहाच्या वेळी विचारल्यावर व्हेटरिनरी मॅडमनी सांगितली. म्हणजे अशा कोर्सला संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते आणि तिथे दाखवून द्यावं लागतं की बॉक्सवर जे होऊ शकतं ते प्राण्यावर केलं जाणार नाही. ब्रिटनमध्ये तर १८७६ पासून हाताच्या सरावासाठी जिवंत प्राणी वापरायला बंदीच आहे, १९८६ च्या कायद्याने मायक्रोसर्जरीपुरती वाट ठेवली, तरी तिथले सर्जन शिकतातच की. तिसरं कारण, सशाचं पोट लहान बाळाच्या पोटाएवढं, त्यामुळे पीडियाट्रिक सर्जरीवाले त्याच्यावर सराव करत आलेलेच आहेत, लागणारी बारीक हत्यारं तयार मिळतात.

पहिला दिवस ससा दिसलाच नाही, आणि ते बरोबरच होतं. सकाळभर एंडोट्रेनर बॉक्स, म्हणजे कॅमेऱ्यात बघत आत काम करायची सरावाची पेटी. मणी इकडून तिकडे, गॉजवर काढलेल्या गोलावरून कात्री, मग गाठी. ज्यांनी एफएलएसचा (दुर्बिणीच्या सर्जरीच्या मूलभूत परीक्षेचा) सराव केलाय त्यांना कंटाळा येईल, पण बॅचमधल्या दोन सिनियर लोकांना डाव्या हाताने सुई पकडता येत नव्हती हे त्या दोन तासांतच उघडं पडलं. दुपारी बोकडाचं आतडं आणि डुकराचं जठर, खाटकाकडून आणून धुतलेलं. आतड्यावर जेजे, म्हणजे जेजुनम जेजुनमला जोडणं, बायपासमधली खालची जोडणी, ती हाताने शिवायची. जठरावर स्टेपलर, म्हणजे पिना मारून शिवणारं आणि मधून कापणारं हत्यार. कोर्सचा सगळ्यात दमदार भाग माझ्या मते हाच, ब्रोशरवर त्याचा फोटोसुद्धा नाही.

स्टेपलरबद्दल थोडं जास्त लिहितो कारण पैसे इथे वसूल झाले. स्लीव्ह करताना जठर पायलोरसकडे (खालच्या तोंडाशी) जाड असतं आणि वर फंडसकडे (वरच्या फुगीर भागाकडे) पातळ होत जातं, त्यामुळे पिनांच्या काडतुसाचा रंग, म्हणजे पिनांची उंची, बदलत जावं लागतं, खाली हिरवं किंवा काळं, वर सोनेरी, निळं. हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं, पण जाड भागावर मुद्दाम निळं लावून फायर करायला लावलं आणि मग ती ओळ पाण्याखाली धरून आत हवा सोडली की बुडबुडे कुठून येतात ते बघितलं, त्यानंतर कुणी तो रंग विसरणार नाही. जबडा बंद केल्यावर पंधरा-वीस सेकंद थांबायचं, टिश्यूतलं पाणी बाजूला सरकू द्यायचं आणि मगच फायर, ह्या थांबण्याची सवय हाताला तिथे लागली. आणि वरच्या टोकाला, अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे, लोभ करायचा नाही, थोडी जागा सोडायची, कारण स्लीव्हचं लीक झालं तर बहुतेक वेळा तिथेच होतं. मेलेल्या जठरावर हे सगळं शिकता आलं, त्यासाठी एकही जीव वेगळा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी ससे. व्हेटरिनरी मॅडमनी आणि त्यांच्या टेक्निशियननी सकाळी लवकर येऊन भूल दिलेली, आम्ही पोचलो तेव्हा ससे टेबलवर, अंगाखाली गरम पॅड, डोळ्यांत मलम, मॉनिटर लावलेले. सशाला भूल देणं आपल्याला वाटतं तेवढं सोपं नाही. तोंड अरुंद आणि लांब, पुढचे दात मोठे, नळी घालताना घसा दिसतच नाही. बऱ्याच सशांच्या रक्तात ॲट्रोपिन (नाडी मंदावू नये म्हणून द्यायचं औषध) मोडून टाकणारं एंझाइम असतं म्हणून त्याऐवजी ग्लायकोपायरोलेट देतात. त्याला उलटी करता येत नाही, म्हणून उपाशी ठेवायची गरज नसते, उलट ठेवलं तर आतडी थंडावतात, आणि ठेवलं तरी जठर रिकामं होतच नाही. हे सगळं त्यांनी पंधरा मिनिटांत सांगितलं आणि सर्जन लोकांपैकी निम्मे तेव्हा मोबाईलवर होते, नंतर जठर उघडल्यावर त्यातून चारा बाहेर यायला लागला तेव्हा हेच लोक विचारत होते की हा एनपीओ (उपाशी) नव्हता का.

पोट फुगवायचा गॅस सुरू करताना आमच्या टेबलवर एकाने सवयीने प्रेशर १२ वर ठेवलं. मॅडम हॉलच्या दुसऱ्या टोकाहून ओरडल्या, "डॉक्टर, सहावर आणा, माणूस नाहीये तो!" सशाला ६ ते ८ च्या वर प्रेशर गेलं की छातीवर दाब येतो, श्वास आणि बीपी दोन्ही बिघडतं. आपण रोज १२ ते १५ वर काम करतो, इथे त्याच्या निम्म्यात जागा करायची, म्हणजे जागा नाहीच. शिवाय आत शिरलं की समोर सीकम (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी), सशाच्या पोटात सगळ्यात मोठा अवयव तोच, पातळ आणि भरलेला. पहिला पोर्ट (दुर्बीण आणि हत्यारं आत घालायची नळी) डोळ्यांनी बघत, उघड्या पद्धतीनेच घालायचा, सुई आंधळी घातली तर सीकममध्येच जाणार.

आणि मग टिश्यू. सशाचं जठर आणि आतडं हाताळताना भिजलेला पापड उचलतोय असं वाटतं. ग्रास्परने (पकडायच्या चिमट्याने) माणसाच्या आतड्याला जेवढं पकडतो तेवढं पकडलं की भोक. माझ्या जोडीदाराने पहिल्याच मिनिटात पाडलं, बिचारा दहा वर्षं सर्जरी करतोय. फॅकल्टीतले सर फक्त एवढंच म्हणाले, "पकडू नका, खालून आधार द्या." पुढे दिवसभर तेच वाक्य डोक्यात. आतडं करंगळीपेक्षा बारीक, पाच-शून्यचा बारीक दोरा, तीन मिलीमीटरची हत्यारं, आणि जठराचा छोटा पाउच कापून त्याला आतडं हाताने जोडायचं, मग खाली जेजे. स्टेपलर सशात वापरलाच नाही, १२ मिलीमीटरचा पोर्ट त्या पोटाला झेपत नाही आणि ६० मिलीमीटरचा जबडा आत उघडायला जागा नाही. हे आधी खटकलं, नंतर पटलं, कारण हाताने शिवताना प्रत्येक टाक्याचा ताण कळतो, ओढला की फाटतं, सैल सोडला की गळतं.

बॉक्सवरच्या बोकडाच्या आतड्यात आणि यात फरक काय असं कुणी विचारलं तर उत्तर रक्त. मेलेलं आतडं तुमच्याशी काही बोलत नाही. इथे मेझेंटरीतली (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातली) एवढीशी शीर तुटली की स्क्रीन लाल, सकशन लावलं की गॅस जातो, गॅस गेला की जागा जाते, कॅमेऱ्यावर वाफ, आणि मागे मॉनिटरचा आवाज बदलायला लागतो. सशाच्या पूर्ण अंगात रक्तच तीन किलोला दीड-पावणेदोनशे मिली, आपल्याला क्षुल्लक वाटणारा वीस मिलीचा रक्तस्राव त्याला मोठा. घाई न करता दाब देऊन थांबायचं, ही गोष्ट सांगून येत नाही. काही टाके घालून झाल्यावर आतड्याच्या कडेचा रंग काळपट होतोय का गुलाबी राहतोय हे बघता येतं, तेही फक्त जिवंत टिश्यूवर. एवढ्यासाठी प्राणी लागतो हे मी मान्य करतो. पण एवढ्यासाठीच.

आता ज्याबद्दल ब्रोशर गप्प आहे ते. ससा लठ्ठ नसतो. तीन किलोच्या सडपातळ सशात ना जाड पोटाची भिंत, ना चरबीने जड झालेलं ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा), ना जाड मेझेंटरी. माणसात बायपास करताना अर्धा वेळ ह्याच गोष्टींशी मारामारी असते. १३० किलोच्या पेशंटमध्ये ट्रोकार (पोर्टची नळी) भिंतीतच इतका घट्ट बसतो की हत्यार वळवायला खांदा दुखतो, फॅटी लिव्हर समोर लोंबतं आणि ते उचलायला वेगळा रिट्रॅक्टर लागतो, म्हणून तर ऑपरेशनआधी दोन आठवडे कमी कॅलरीचं डाएट देऊन लिव्हर लहान करून घेतात. आतडं वर जठरापर्यंत ओढून आणायचं तर जाड आखूड मेझेंटरी खाली खेचते. मेझेंटरीतल्या फटी आणि पीटरसनची जागा (वर ओढलेल्या आतड्यामागे राहणारी फट) शिवून बंद करायची, नाहीतर वर्ष-दोन वर्षांनी आतडं त्यात अडकून पेशंट रात्री कॅज्युअल्टीला येतो, ती फट सशात धड दिसतही नाही. डुकरातही हे सगळं येत नाही बरं का, डुकराची चरबी कातडीखाली, आत मेझेंटरी पातळच, वर त्याचं कोलन स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं डाव्या बाजूला. डुकरात निदान अवयवांचा आकार माणसाच्या जवळ जातो आणि स्टेपलर खराखुरा चालवता येतो, एवढाच फायदा.

एकाने प्रश्नोत्तरात विचारलं की मग सशाला खायला घालून जाडा का नाही करत. हशा पिकला पण प्रश्न वाईट नव्हता. संशोधनात उंदरांना महिनोन् महिने तुपकट खाणं देऊन लठ्ठ करतातच, जन्मतः लठ्ठ होणाऱ्या जातीही आहेत, पण तिथे पोट उघडून मायक्रोस्कोपखाली बायपास करतात, कारण प्रश्न असतो शुगर का उतरते हा, हात कसा बसवायचा हा नाही. ट्रेनिंगसाठी प्राण्याला महिनोन् महिने लठ्ठ करून भुलेची जोखीम वाढवायची याला कुठली कमिटी हो म्हणेल, आणि म्हणूही नये.

तक्रारी थोडक्यात. एका टेबलवर चार जण म्हणजे जास्त, कागदावर दोन लिहिलं होतं. कॅमेरा धरणारा कॅमेराच धरत राहतो, आम्ही आपापसात वेळ लावून वाटून घेतलं म्हणून बरं. स्टेपलर कंपनीचे प्रतिनिधी दर टेबलमागे उभे आणि अधूनमधून शिकवण्याचा सूर विक्रीचा व्हायचा. शेवटी सगळ्यांना सरसकट सर्टिफिकेट, ज्याची जोडणी पाणी सोडल्यावर गळली त्यालाही. हे चुकीचं आहे. चिलीमध्ये सांतियागोच्या एका विद्यापीठाने उलटा क्रम लावला, रेसिडेंट (शिकाऊ सर्जन) आधी कित्येक सेशन बॉक्समध्ये गाईच्या आतड्यावर जेजे करतात आणि मग जिवंत डुकरावर फक्त परीक्षा. २०१२ मध्ये त्यांनी छापलं की अशी तयारी झालेले रेसिडेंट हे ट्रेनिंग न घेतलेल्या जनरल सर्जनांपेक्षा सरस ठरले. आपल्याकडे दोन दिवसांत बॉक्स, बोकड, ससा सगळं उरकायचं, त्यामुळे जो बॉक्समध्येच अडकलाय तोही दुसऱ्या दिवशी सशाच्या पोटात असतो. त्याला काही कळत नाही आणि ससा फुकट जातो. सेंटरने मध्ये महिनाभराचं अंतर ठेवावं, घरी बॉक्सवर सराव करून व्हिडिओ पाठवायला लावावा, पास झाला तरच दुसरा दिवस. फीडबॅक फॉर्मवर मी हेच लिहिलंय.

सशांबद्दल काही जणांनी घरी विचारलं, म्हणून तेही. शेवटी त्यांना भुलेतून उठवत नाहीत, त्याच भुलेत जास्त डोस देऊन संपवतात, वेदना कळत नाही. मॅडम आणि त्यांचे टेक्निशियन हे काम ज्या शांतपणे आणि आदराने करत होते ते बघून हॉलमधले फालतू विनोद आपोआप बंद झाले. माझं मत विचाराल तर व्हेटरिनरी टीमला पाचपैकी पाच, स्टेपलर सेशनला पाच, सशावरच्या सेशनला चार, गर्दीमुळे एक कापला, आणि "बॅरिॲट्रिक" ह्या ब्रोशरवरच्या शब्दाला दोन.

फी पाच आकडी आहे, डुकरावरच्या कोर्सपेक्षा बरीच कमी, राहणं वेगळं, दुपारचं जेवण ठीकठाक. जायचं ठरवलंत तर रजिस्ट्रेशनच्या आधी फोन करून दोनच गोष्टी विचारा, टेबलमागे नक्की किती जण आणि नंतर लठ्ठ पेशंटच्या ऑपरेशनला कुणा अनुभवी सर्जनच्या टेबलवर असिस्ट करायला मिळणार का. आमच्या कोर्सवाल्यांनी दुसऱ्याचं उत्तर "बघू" असं दिलं होतं, शेवटी मी माझ्या जुन्या सरांना फोन करून त्यांच्या लिस्टला उभं राहायची परवानगी घेतली. आणि आधी महिनाभर घरी साधा बॉक्स आणून डाव्या हाताने गाठी मारायला शिका, साधा बॉक्स फार महाग नसतो, वेबकॅम आणि प्लास्टिकचा डबा जोडून घरीही बनवतात लोक. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळची गाडी बुक करू नका, ससे उशिरा सुरू होतात आणि शेवटची जोडणी तपासायची वेळ आली की अर्धी बॅच स्टेशनकडे पळालेली असते.